मिस क्लोटीचं ‘आलेच’

हिल्सबरोच्या धक्क्यावर बोटीतून उतरलं की डाव्या हाताला एक निळी लाकडी टपरी लागते. वर पांढऱ्या रंगात ‘माहिती’ असं लिहिलंय. रंग उडाला की मिस क्लोटिल्डा एनो स्वतः स्टुलावर चढून अक्षरं गिरवते, त्यामुळे ती अक्षरं दर वर्षी थोडी थोडी जाड होत चाललीत. क्लोटीही तशीच. एकोणीस वर्षं ती त्या खिडकीत बसलीय आणि कॅरिआकू बेटावर पाय ठेवणारा एकही परका माणूस तिच्या तावडीतून सुटलेला नाही.

खिडकीशी जाऊन तुम्ही एकदम “बस कुठं मिळेल?” असं विचारलंत की संपलं. क्लोटी तुमच्या डोक्यावरून समुद्राकडं बघत राहणार.

“अहो बाई, ती बस...”

“गुड मॉर्निंग,” क्लोटी म्हणणार.

“हो, ते ठीक. बस कुठं...”

“गुड मॉर्निंग!”

असं तीन-चारदा झालं की मोठमोठ्या देशांतल्या मोठमोठ्या माणसांच्या डोक्यात प्रकाश पडतो आणि ते मुकाट्यानं “गुड मॉर्निंग” म्हणतात. मग क्लोटीचा चेहरा असा काही फुलतो, की माणूस बस विसरून तिच्याकडंच बघत राहतो. “हं, आता विचारा,” ती म्हणते. “दुकानात गेलात तर आधी गुड मॉर्निंग. बसमध्ये चढलात तर सगळ्या बसला मिळून गुड मॉर्निंग. दुपारी गुड आफ्टरनून. दिवेलागणीनंतर कुणी तुम्हाला गुड नाइट म्हटलं, तर तो तुम्हाला हाकलत नाहीये. भेटलाय, म्हणून म्हणतोय. नुसता प्रश्न घेऊन माणसाच्या अंगावर जाऊ नका, माणूस म्हणजे यंत्र नव्हे.”

त्यानंतर तिची गाडी सुटते. पोहण्याच्या कपड्यांत बाजारात हिंडू नका, इथं लोक देवळात जातात तसे बाजारात जातात. झाडाच्या बुंध्यावर तांबडा पट्टा दिसला तर पावसात त्याखाली उभं राहू नका, त्याच्या चिकानं अंगावर फोड येतात. फळ तर तोंडाजवळही नेऊ नका, कितीही गोड दिसो. फौजी ठिपक्यांचा कपडा कायद्यानं मना आहे. गेल्या आठवड्यात लिंडस्ट्रोम नावाचा एक उंचच उंच स्वीडिश मास्तर तसली चड्डी घालून उतरला, तर क्लोटीनं त्याला टपरीच्या मागं नेऊन आपला फुलाफुलांचा टेबलक्लॉथ नेसवला आणि मगच रस्त्यावर सोडला. बिचारा आठवडाभर तोच नेसून हिंडला. त्याला तो आवडलाच म्हणे!

थोरल्या बेटाची, म्हणजे ग्रेनाडाची, माहिती तर तिच्या जिभेवरच. बोटीनं सेंट जॉर्जेसला उतरा, स्टँडवर या, पाच नंबरची बस धरा. ग्वावला जायचंय ना? मग पांढरी बस बघा, जिच्या काचेवर ‘आलेच’ असं लिहिलंय, ती. चालवणारा सज्जन आहे. डावीकडं समुद्र ठेवत जाते. कॉनकॉर्डच्या वळणावर खड्डा आहे, तिथं डोकं सांभाळा. उतरायचं झालं की ओरडू नका, पत्र्यावर दोनदा ठोका. आणि गावाचं नाव ‘गौयावे’ नाही, ‘ग्वाव’. कुत्रं भुंकल्यासारखं म्हणा, पण प्रेमानं.

ऐकणाऱ्याला वाटावं, बाई रोज जाऊन येते. आणि इथंच गंमत आहे. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण! मिस क्लोटी जन्मात कधी थोरल्या बेटावर गेलेली नव्हती.

तिचा बाप गलबताचा कप्तान, आजा गलबतं बांधणारा, चुलते सगळे खलाशी. नऊ वर्षांची असताना बापानं तिला दात दाखवायला म्हणून थोरल्या बेटाकडं नेलं. मध्येच एक टापू आहे, जिथं समुद्राच्या तळाशी ज्वालामुखी धुमसत असतो आणि वर पाणी विनाकारण उसळ्या मारतं. तिथं क्लोटीनं सकाळी प्यायलेला सगळा कोको पाद्रीबाबांच्या पांढऱ्या झग्यावर रिकामा केला. ती एवढी ओकली, एवढी रडली, की बापानं गलबत माघारी वळवलं. दात तसाच राहिला. त्या दिवसापासून बोटीच्या फळीवर पाय ठेवायचं नाव काढलं तरी तिच्या पोटात कालवायचं. विमान आहे, वीस मिनिटांचं, पण त्या पत्र्याच्या पेटीपेक्षा बोट बरी असं तिचं मत, आणि बोट तर नकोच.

बेटावर हे सगळ्यांना ठाऊक होतं. खलाशांच्या घरातली पोर आणि पाण्याला भिते! पण हे ठाऊक नसलेला एक माणूस होता, आणि नेमकं त्यालाच ते कळू नये म्हणून तिचा जीव टांगणीला लागलेला असायचा. तो म्हणजे त्या पांढऱ्या बसचा ड्रायव्हर, थिओफिलस रेडहेड.

अकरा वर्षांपूर्वी पावसानं दरड कोसळली आणि ग्वावचा रस्ता बंद झाल्याचं कळलं. एक म्हातारं इंग्रज जोडपं टपरीपाशी खोळंबलं होतं. क्लोटीनं कुणाकडून तरी पाच नंबरच्या एका ड्रायव्हरचा नंबर मिळवला.

“कोण बोलतंय? काय पाहिजे?” पलीकडून एक भला मोठा आवाज आला.

“आधी गुड मॉर्निंग,” क्लोटी म्हणाली.

मग तो आवाज असा हसला, की म्हाताऱ्या इंग्रज बाईलाही ऐकू गेलं. “गुड मॉर्निंग, गुड मॉर्निंग! चुकलो, बाई. माझी आई ऐकती तर मुस्काटात मारती.”

दुसऱ्या दिवशी रस्ता सुरू झाला का हे विचारायला फोन. तिसऱ्या दिवशी मोटारी एकेरी सुटतात की दुहेरी, त्यासाठी. पुढं रस्ता चांगला वाहता झाला तरी रोज सकाळी साडेनऊला, पहिली बोट आली की, फोन. “गुड मॉर्निंग, मिस्टर रेडहेड. रस्ता कसा आहे?” “रस्ता ठीक आहे, मिस क्लोटी.” त्या दोन वाक्यांच्या आड मग काय काय यायचं! आज जाळ्यात काय सापडलं, आई सांगत गेली तसं त्यानं ब्रेडफ्रूट, म्हणजे नीरफणस, नारळाच्या दुधात कसं शिजवलं, कोण कुणाशी भांडलं. अंथरुणाला खिळलेल्या आईला रात्रभर एकटं सोडून त्याला दुसऱ्या बेटावर जाता येत नव्हतं. म्हणून तो दर शुक्रवारी म्हणायचा, “ग्वावला आज रस्त्यावर मासे भाजतायत. या की एकदा.”

आणि क्लोटी म्हणायची, “आलेच!”

आता घरून निघताना आपण ‘येतो’ म्हणतो आणि जातो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. आमच्या या बेटांवर त्याच्याही वरताण. इथं ‘आलोच’ म्हणजे पाच मिनिटं, दुपार, पुढचा नाताळ किंवा पुढचा जन्म, यांपैकी काहीही. गवंडी ‘आलोच’ म्हणून गेला की घरमालक बिनछपराच्या घरात नातवंडं खेळवतो. तेव्हा थिओनं अकरा वर्षं त्या शब्दाचं वाईट वाटून घेतलं नाही.

गेल्या वर्षी त्याची आई गेली. आणि या बुधवारी साडेनऊला क्लोटीनं फोन केला, तेव्हा तो मोठा आवाज काही मोठा नव्हता.

“रस्ता कसा आहे, मिस्टर रेडहेड?”

“रस्ता ठीक आहे. मी ठीक नाही. बस विकली.”

“अगं बाई! का?”

“सोमवारी टोरांटोला चाललोय. बहीण केव्हाची बोलावतेय. आई होती तोवर प्रश्न नव्हता. आता घरात भिंतींशी बोलतो.”

“परत केव्हा?” क्लोटीनं विचारलं.

“परत यायला इथं कोण वाट बघतंय? मिस क्लोटी, अकरा वर्षं तुम्ही ‘आलेच’ म्हणताय. ‘या’ असं एकदाही म्हणाला नाहीत. तसं म्हणाला असतात, तर आई गेल्याच्या दुसऱ्या महिन्यात मी तुमच्या धक्क्यावर असतो. पण बोलावल्याशिवाय कुणाच्या दारात उभं राहायला मला आईनं शिकवलं नाही. शनिवारी दुपारची तीनची फेरी माझी शेवटची. सेंट जॉर्जेसच्या स्टँडवरून. यायचं तर या. नाही तर मी समजलो.”

‘या’ म्हणायला किती वेळ लागतो? पण क्लोटीच्या तोंडून तो शब्द फुटेना. त्याला कारण होतं. आमच्याकडं डिसेंबरात गाणाऱ्यांच्या टोळ्या गिटार आणि मँडोलिन घेऊन दारोदार फिरतात, आणि वर्षभरात गावात जी काही भानगड झाली असेल तिच्यावर गाणं रचून भर चौकात गातात. नाव घेत नाहीत, पण शेंबड्या पोरालाही कळतं. पन्नाशीच्या बाईनं परक्या पुरुषाला घरी ‘या’ म्हटलं, तर त्या गाण्याला चौदा कडवी झाली असती. गेली एकोणीस वर्षं या गाण्यांना लागणारा सगळा कच्चा माल क्लोटीच पुरवत होती, त्यामुळे धंदा कसा चालतो हे तिला पक्कं माहीत होतं.

“आलेच,” ती पुटपुटली. तोवर फोन ठेवलेला होता.

ती तडक उठली आणि धक्क्यावर कढई घेऊन बसलेल्या आपल्या मावशीकडं, टँटी एस्टिमीकडं गेली. टँटी खारवलेल्या माशाचे वडे तळत होती.

“टँटी, मी शनिवारी थोरल्या बेटावर जाणार.”

टँटीच्या हातातला वडा तेलात पडला आणि दोघी मागं सरकल्या. “कुणाचं मयत आहे?”

“मयत कशाला? मी सहज जातेय.”

“सहज! तू? बादलीतलं पाणी हललं तर तुला घेरी येते.” टँटीनं झारा कमरेवर टेकवला. “तो ड्रायव्हर ना? बोल. सगळा धक्का तुझं टेलिफोनवरचं खिदळणं ऐकतो, मी काय बहिरी आहे? दिसायला कसा आहे मेला?”

“पाहिलाय कुठं!”

“अगं, अकरा वर्षं! एवढ्यात लोकांची लग्नं होऊन मोडतात.” टँटीनं जळका वडा बाहेर काढला आणि खुशाल खाल्ला. “जा. जाच. आणि परत आलीस की मला आधी सांग, गाणाऱ्यांना नंतर. आणि त्याला ओकून दाखवू नकोस, पहिल्याच भेटीत बरं दिसत नाही.”

शनिवारी सकाळी क्लोटीनं पिवळा झगा घातला, डोक्याला गवती टोपी लावली, आणि फळीवर पाय ठेवताना डोळे गच्च मिटून घेतले. मागून टँटी ओरडली, “डोळे उघड, पाण्यात जाशील!” सगळा धक्का हसला. क्लोटीला मेल्याहून मेल्यासारखं झालं, पण ती बोटीत होती.

बोट सुटली, आणि तिच्या शेजारी कोण येऊन बसावं? टेबलक्लॉथ नेसलेला लिंडस्ट्रोम मास्तर! त्याचा मुक्काम संपला होता. त्यानं खिशातून क्लोटीनंच वाटलेला माहितीचा कागद काढला.

“गुड मॉर्निंग, मिस क्लोटी,” तो शिकवल्याबरहुकूम म्हणाला. “तुम्ही हिरव्या दिसताय. इथं लिहिलंय, बोट लागणाऱ्यांनी मधल्या बाकावर बसावं.”

“मला ठाऊक आहे काय लिहिलंय ते,” क्लोटी दातांतून म्हणाली. “मीच लिहिलंय.”

“क्षितिजाकडं बघावं. आल्याचं बिस्किट चघळावं. बोलत राहावं.”

“मास्तर, तुमच्या पाया पडते, गप्प बसा.”

तो टापू आला. समुद्राच्या तळचा तो जुना वैरी चाळीस वर्षं तिचीच वाट बघत असावा. बोट एकदा उजवीकडं कलली, एकदा डावीकडं, मग वर गेली आणि वरच राहते की काय असं वाटेतो धाडकन खाली. क्लोटीनं देवाला, बापाला, पाद्रीबाबांना, सगळ्यांना हाका मारल्या. बिस्किट गेलं, कोको गेला, कालचं जेवणही गेलं. लिंडस्ट्रोमनं एका हातानं तिची टोपी धरली, दुसऱ्या हातानं तिला, आणि मोठ्यानं वाचलं, “हा त्रास साधारण वीस मिनिटं टिकतो.”

“खोटं!” क्लोटी किंचाळली. “मी अंदाजानं लिहिलं होतं!”

आणि मग तिला हसू फुटलं. ओकता ओकता हसू. एकोणीस वर्षं हजारो लोकांना तिनं ती वीस मिनिटं सांगितली होती आणि त्या सगळ्यांनी मनातल्या मनात तिला काय काय म्हटलं असेल! ती हसली, मास्तर हसला, समोरची पोतीवाली बाई हसली. पोटात काही उरलं नव्हतं, त्यामुळे पोट दुखेपर्यंत हसता आलं.

सेंट जॉर्जेसला तिला एकीकडून मास्तरनं आणि एकीकडून एका खलाशानं धरून खाली उतरवलं. पाय जमिनीला लागत नव्हते. धक्क्यावर बरीच गर्दी होती, पण तिला गर्दी कुठली दिसायला! दुपारपर्यंत ती बाकावर पडून राहिली. मास्तरनं शहाळं आणून दिलं, टेबलक्लॉथ परत करू का असं विचारलं, तिनं “ठेवा, तुम्हाला शोभतो” म्हटलं, आणि तो आपल्या वाटेनं गेला. मग ती तोंड धुऊन, झगा झटकून, टोपी पुढं ओढून स्टँडकडं निघाली. वाट तिला कुणाला विचारावी लागली नाही. बाजाराच्या मागून, समुद्राच्या बाजूनं. स्वतःचाच कागद तिला तोंडपाठ होता.

पांढरी बस उभी होती. काचेवर ‘आलेच’.

क्लोटीच्या मनात एक बेत होता. आधी गुपचूप मागं बसायचं आणि माणूस बघून घ्यायचा. आवाज तर त्याला ओळखू येणार, तेव्हा तोंड उघडायचं नाही. पसंत पडला तर बघू. नाही पडला तर उतरून, परतीच्या बोटीत बसून, ओकत घरी जाऊ. ती भरलेल्या बसमध्ये चढली, कुणाशी एक अक्षर न बोलता सगळ्यांच्या गुडघ्यांवरून ओलांडत गेली आणि शेवटच्या बाकाच्या कोपऱ्यात जाऊन बसली.

बस एकदम गप्प झाली. वीस डोकी वळली.

“ऐकलंस का काही, कफी?” ब्रेडफ्रूटचं पोतं मांडीवर घेतलेली एक दांडगी बाई शेजारच्या म्हाताऱ्याला म्हणाली.

“नाही बुवा, हायसिंथ. मला तर काहीच ऐकू आलं नाही.”

“मलाही नाही. माणूस बसमध्ये चढतं, आणि गुड आफ्टरनून नाही की काही नाही. मेंढरं बरी, ती निदान बें करतात.”

क्लोटीच्या कानांतून वाफा निघाल्या. आयुष्यभर जगाला जे शिकवलं तेच आज तिच्या कपाळी! पण ती दात आवळून खिडकीबाहेर बघत राहिली.

ड्रायव्हर चढला. एवढासा! आवाजावरून तिनं ताडमाड गडी मनात धरला होता, आणि हा तर खाली उशी घेऊन बसला तेव्हा कुठं काचेतून दिसायला लागला. कान मात्र आवाजाला शोभतील असे. मागून दुसरं काही दिसत नव्हतं, एक मान, एक निळी टोपी आणि ते दोन कान. क्लोटीनं ते कान बघितले आणि तिच्या पोटात समुद्रापेक्षा मोठी लाट आली. आवडलेच मेले कान!

“गुड आफ्टरनून, मंडळी,” तो आवाज म्हणाला. सगळी बस “गुड आफ्टरनून, थिओ” म्हणाली. एक सोडून.

बस सुटली. डावीकडं समुद्र. हॅपी हिल गेलं, बोसेजूर गेलं. क्लोटी एकेक गाव ओठांतल्या ओठांत म्हणत होती. सगळं त्यानं सांगितल्यासारखंच होतं. वळणावरचं गुलाबी देऊळ, कोंबड्यांवाल्याचं दुकान, पुलाखाली कपडे धुणाऱ्या बायका.

“थिओ, खरंच शेवटची फेरी का रे?” हायसिंथनं विचारलं.

“शेवटची.”

“आणि नवा मालक बसचं नाव बदलणार म्हणे. का रे? चांगलं नाव आहे. बस म्हणते आलेच, आणि येते आपली तासाभरानं.”

“बदलू दे,” थिओ म्हणाला. “बस नव्हती म्हणत ते. कॅरिआकूची एक बाई म्हणायची. तिच्या बोलावरून ठेवलं होतं, आठ वर्षं झाली.”

क्लोटीनं टोपी आणखी पुढं ओढली. आठ वर्षं ती लोकांना सांगत होती, काचेवर ‘आलेच’ लिहिलेली बस बघा. हसत सांगत होती. आपलाच शब्द आपल्याच तोंडानं.

“टेलिफोनवाली?” कफी म्हातारा म्हणाला. “अरे, ती यायची नाही. कॅरिआकूची माणसं बिनमिठाची.”

“कफीबाबा, तिला बोलायचं काम नाही!” थिओनं हॉर्न दाबला, समोर कुणी नसताना.

“बघा बघा, अजून लागतं ह्याला!” हायसिंथनं बाकाला चापट मारली. “मग बोलव ना तिला.”

“बोलावलं ना, तीनदा नाही, तीनशेदा! आज सकाळी बोटीवर जाऊन उभा राहिलो. म्हटलं, न सांगता आली तर! सगळी बोट रिकामी झाली. एक लांबडा परदेशी उतरला टेबलक्लॉथ नेसलेला, आणि एक हिरवी पडलेली बाई, दोघांनी धरून आणलेली. बाकी कोणी नाही.” त्यानं गिअर बदलला. “संपलं. माझ्या मनाचे खेळ होते.”

तेवढ्यात कॉनकॉर्डचं वळण आलं. बाकी सगळे थिओकडं बघत बसले होते, फक्त क्लोटीनं आधीच दोन्ही हात डोक्यावर धरले. धाडकन! कफीचं टाळकं पत्र्याला लागलं.

“आई गं! हायसिंथ, त्या मुक्या बाईला खड्डा कसा ठाऊक?”

सगळे परत वळून बघायला लागले. पिवळा झगा, गवती टोपी, आणि टोपीखाली भरलेले डोळे. आता बघून झालं होतं. पसंत-नापसंतीचा बेत तर त्या कानांपाशीच बारगळला होता. उरली होती ती फक्त लाज, आणि ग्वाव पाच मिनिटांवर आलं होतं. क्लोटीनं हात वर केला आणि पत्र्यावर ठोकलं. टक, टक.

बस कडेला थांबली. “कोण उतरतंय?” थिओनं विचारलं.

क्लोटी उभी राहिली. टोपी छताला लागून वाकडी झाली.

“गुड आफ्टरनून,” ती म्हणाली.

आधी ते कान मागं आले असं हायसिंथ अजून शपथेवर सांगते, आणि मग थिओ. तो पूर्ण वळला नाही, अर्धाच वळला, जसं काही जास्त वळलं तर सगळं मोडेल.

“परत म्हणा.”

“गुड आफ्टरनून, मिस्टर रेडहेड. रस्ता कसा आहे?”

“रस्ता...” त्यानं टोपी काढून परत घातली. “रस्ता ठीक आहे, मिस क्लोटी.”

“अगं बया!” हायसिंथचं पोतं मांडीवरून सुटलं आणि ब्रेडफ्रूट बसभर गडगडली. “हीच ती!”

“हिरवी बाई मीच,” क्लोटी भडाभडा बोलायला लागली. “मला बोट लागते. नऊ वर्षांची असल्यापासून. एकोणीस वर्षं सगळ्या जगाला इकडं पाठवते, पण स्वतः आज पहिल्यांदा आले. वाटेत तीन वेळा मेले. तुम्हाला सांगायची लाज वाटली. खलाशाची लेक आणि पाण्याला भिते. हसा आता.”

बस हसली. अशी हसली की खिडक्या थरथरल्या. थिओ मात्र हसला नाही.

“एवढं सोसत नाही, तरी आलात?”

“‘आलेच’ म्हटलं होतं ना? आले.”

मग तिनं एक मोठा श्वास घेतला. वीस माणसं ऐकत होती. वीस माणसं म्हणजे संध्याकाळपर्यंत ग्वाव, उद्या सेंट जॉर्जेस, परवाच्या बोटीनं हिल्सबरो, आणि डिसेंबरात चौदा कडवी. तिला मँडोलिन आत्ताच ऐकू येत होतं. वाजू दे मेलं!

“टोरांटोला नका जाऊ,” ती म्हणाली. “कॅरिआकूला या. माझ्या घरी. मी बोलावतेय. या.”

थिओनं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं, आणि जन्मभराची सवय ती, त्याच्या तोंडून निघालं, “आलोच!”

जो काय गलका झाला म्हणता! “आलोच काय, मेल्या!” हायसिंथ किंचाळली. “त्या ‘आलोच’नंच तर अकरा वर्षं खाल्ली! ऊठ! ऊठ आधी!”

थिओनं इंजिन बंद केलं. दार उघडायचं सुचलंच नाही, तो सरळ आपल्या जागेवरून मागं निघाला. उशी पडली, टोपी पडली. लोकांच्या गुडघ्यांवरून, पोत्यांवरून, एका कोंबडीवरून, गडगडणाऱ्या ब्रेडफ्रूटांत पाय अडकवत तो एवढासा माणूस शेवटच्या बाकापर्यंत पोचला. कोपऱ्यात जागा नव्हतीच. ती दोघांनी केली.

“आलो, क्लोटी,” तो म्हणाला. “सरक थोडी.”

रस्त्यावर मागं सात-आठ गाड्यांची रांग लागली होती आणि सगळे भोंगे एकदम वाजत होते. कफी म्हाताऱ्यानं टाळकं चोळत पुढच्या रिकाम्या जागेकडं बघितलं, मग मागच्या बाकाकडं बघितलं.

“ते सगळं झालं,” तो म्हणाला. “आता बस कोण चालवणार?”